उपरा, परदेशी, परप्रांतीय, घुसखोर : नेमका फरक काय?

सातारा
नमस्कार मंडळी. मुलाच्या नववीच्या निबंधात 'परप्रांतीय घुसखोर' असा जोडशब्द सापडला. मी पेन्सिलीने खाली रेघ मारली, तर म्हणतो, "आई, सगळे असंच म्हणतात की." चुकतंय एवढं कळतं, पण त्याला पटवून देता येईना. हे दोन शब्द जोडता येतात का? 'उपरा' आणि 'परदेशी' यांचा अर्थ काय धरायचा?

विटा
ताई, रेघ बरोबर जागी मारलीत. 'घुसखोर'मधला 'खोर' फारसीतला, मूळ अर्थ खाणारा. 'लाचखोर'मध्ये तो अजून दिसतो. मराठीत पुढे भांडखोर, खोडखोर झाले, म्हणजे हा प्रत्यय माणसाची करणी सांगायला लागला. 'परप्रांतीय' करणी सांगत नाही, मुलूख सांगतो. राज्यघटनेच्या १९व्या कलमाने नागरिकाला देशात कुठेही फिरायचा, राहायचा हक्क दिला आहे. पाटण्याचा माणूस तासगावच्या द्राक्षबागेत छाटणीला आला, तर तो घुसला कुठे?

मी उजव्या विचारांचा आहे. देशाची सीमा काटेकोर राखलीच पाहिजे, चोरून आलेल्याला परत पाठवलंच पाहिजे, हे माझं ठाम मत. म्हणूनच हा शब्द पातळ झालेला मला चालत नाही. बिहारच्या गवंड्याला घुसखोर म्हणून बसलो, तर खऱ्या घुसखोरासाठी शब्द कुठून आणायचा?

कराड
मराठेशाहीतल्या महसुली कागदांत 'मिरासदार' आणि 'उपरी' ही जोडी येते. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, गावात त्याला मान. उपरी बाहेरून येऊन जमीन कसणारा, वतनाचा हक्क नाही. तो परका असायचा गावाच्या पांढरीला, देशाला नव्हे. 'उपरा' त्याच कुळीतला.

'परदेशी' म्हणजे पूर्वी उत्तर हिंदुस्थानातून आलेला माणूस. मराठ्यांच्या फौजेत असे लोक होते. ते आडनाव लावणारी कितीतरी घरं आज घरातही मराठीच बोलतात.

'प्रांत' तर फार लवचिक. जुन्या कागदांत प्रांत वाई, प्रांत मिरज अशी नावं आहेत. त्या हिशेबाने वाईचा माणूस मिरजेत परप्रांतीय! आता आपल्याकडे प्रांत म्हटलं की प्रांताधिकारीच आठवतो. मी 'परराज्यातला' वापरतो.

मिरज
शब्दांचं सगळं मान्य. पण गेल्या महिन्यात माझी आई एका बँकेत पैसे भरायला गेली. स्लिपवर कुठे सही करायची एवढंच विचारलं, तर काउंटरवरचा म्हणाला, "हिंदी में बोलिए." आई सत्तर वर्षांची, आयुष्य मिरजेत गेलं. स्लिप तशीच घडी घालून परत आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून आपण पेढे वाटले, आणि आपल्याच गावात ही तऱ्हा. त्या माणसाला काय म्हणायचं?

विटा
दादा, त्याला मुजोर म्हणा. तो सोलापूरचा असता तरी मुजोरच ठरला असता.

आमच्या खानापूर-आटपाडीची माणसं दुष्काळाला कंटाळून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभर पांगली. माझे चुलते चाळीस वर्षं सेलमला होते. भट्टीतून मूस काढताना पोराला हाक मराठीत, पण गिऱ्हाईक पायरीवर आलं की तोंडात तमिळ. सोन्याचं वजन आणि गिऱ्हाइकाचं नाव चिठ्ठीवर तमिळ अक्षरांत लिहायचे. ती अक्षरं शेजारच्या शिंप्याने रात्री दुकान बंद झाल्यावर गिरवून घेतली होती. तरी एका भांडणात कुणीतरी 'वडक्कन' म्हणालंच, म्हणजे उत्तरेकडचा. चुलत्यांना ते शेवटपर्यंत झोंबत होतं.

म्हणून इथे आलेल्याने मराठी शिकावी हे मी हक्काने मागतो. देश तसा वेश, आमच्या माणसांनी ते करून दाखवलंय. पण जो मोडकंतोडकं का होईना बोलायला लागला, त्याला परप्रांतीय म्हणणं आपणही थांबवायला हवं. नाहीतर त्याने शिकायचं कशासाठी?

मिरज
बोलणाऱ्याला नाही म्हणणार, शब्द दिला. दहा वर्षं राहून एक वाक्य न शिकलेल्याला मात्र म्हणणारच.

सातारा
सगळ्यांचे आभार. त्याने आता 'परराज्यातून आलेले कामगार' असं लिहिलंय आणि घुसखोरीचा भाग वेगळ्या परिच्छेदात नेलाय. आता नवीन शंका काढलीय: परदेशातून रीतसर व्हिसावर आला, पण मुदत संपल्यावर गेलाच नाही, तर तो घुसखोर का?

कराड
चांगली शंका आहे. नागरिकत्वाच्या कायद्यात कागदपत्रांशिवाय आलेला आणि मुदत संपूनही राहिलेला, दोघेही एकाच व्याख्येत येतात. तिथे 'बेकायदा स्थलांतरित' म्हणावं. मराठीत मात्र दुसरा घुसलेला नाही, ठाण मांडून बसलेला आहे. त्याला 'घुसखोर' लावू नये.