अचानक छातीत धडधड, ईसीजी मात्र नॉर्मल. काय समजायचं?

पोवईनाका_वहिनी
नमस्कार मंडळी, साताऱ्याची आहे, वय ३४, बीपी शुगर काही नाही. परवा सकाळी डब्याच्या भाकऱ्या थापत होते, तिसरी तव्यावर टाकली आणि मोटरचं बटण दाबावं तसं छातीत धाडधाड सुरू. दिराचं घड्याळ मनगटाला बांधून बघितलं तर ठोके मिनिटाला १७२! पंधरा मिनिटं ओटा धरून बसले, भाकरी करपली, आणि मग सुरू झालं तसंच खटकन बंद. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत, ईसीजी नॉर्मल, टेन्शन घेऊ नका म्हणाले. सासूबाई म्हणतात उपास सोड. दोन महिन्यात तिसऱ्यांदा झालंय आणि खरं सांगते तेव्हा टेन्शन भाकरीचंसुद्धा नव्हतं. कुणाला अनुभव आहे का?

कृष्णाकाठ
वहिनी डिट्टो माझी स्टोरी. मी सांगलीचा. निदान व्हायला चार वर्षं गेली कारण ईसीजी काढेपर्यंत दरवेळी थांबलेलं असायचं. टेन्शनची धडधड बहुतेक वेळा हळूहळू चढते हळूहळू उतरते, ही बटणासारखी चालू-बंद होते, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. माझं एसव्हीटी निघालं, म्हणजे हृदयातल्या करंटला जादाची वाट असते आणि तो तिथंच गोल गोल फिरत बसतो, ठोके १५० च्या वर. शेवटी एकदा मिरजेत चालू असतानाच ईसीजी निघाला, शिरेतून एडेनोसिन नावाचं ठोके खाली आणायचं इंजेक्शन दिलं, काही सेकंद वाटलं आता आपण गेलो, आणि पुढच्या क्षणी ठोके खाली. नंतर अॅब्लेशन केलं, मांडीच्या शिरेतून तार नेऊन ती वाट जाळतात. आता धडधडतं ते फक्त लाईटबिल आल्यावर 😄

कराडचे_अण्णा
वहिनी राग मानू नका, मिश्री लावता का? तंबाखूनं ठोके वाढतात, वर उपाशीपोटी चहा. आणि थायरॉईड बघा. आमच्या बहिणीला धडधड, हात थरथर, वजन उतरलेलं, सगळे नजर काढत बसले, निघाला वाढलेला थायरॉईड.

सिस्टर_मिरज
अण्णांचं बरोबर आहे. हिमोग्लोबिन पण बघा, बायकांचं कमीच असतं आणि कुणी विचारत नाही. ताप, जुलाबानं पाणी कमी होणं, सर्दीच्या काही गोळ्या, दम्याचा पंप, यानंही पल्स वाढते. पण परत सुरू झालं तर घरी बसू नका, जवळात जवळ जिथं ईसीजी निघतो तिथं जा, आणि त्या कागदाचा लगेच फोटो काढा, त्यावरचं छापलेलं काही महिन्यांत पुसट होतं, पेशंट कोरा कागद घेऊन येतात हो आमच्याकडं. छातीत दुखणं, दम लागणं, डोळ्यापुढं अंधारी, चक्कर येऊन पडणं, दरदरून घाम, यातलं एक जरी असलं तर सरळ १०८. टू-व्हीलरवर मधे बसवून आणायचं नाही. घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल तर तेही सांगा.

कृष्णाकाठ
हो, आणि डॉक्टरांनी मला शिकवलेलं: आडवं पडायचं, नाक-तोंड बंद करून १०-१५ सेकंद जोर लावायचा. कधी कधी तेवढ्यानं थांबायचं. पण तुम्ही आधी विचारून घ्या. मानेची शीर मात्र कुणाकडून चोळून घेऊ नका.

पोवईनाका_वहिनी
थँक्यू सगळ्यांना. हिमोग्लोबिन ८.६ निघालं, थायरॉईड नॉर्मल. डॉक्टर म्हणाले रक्त कमी असलं की ठोके वाढतात पण असं बटण दाबल्यासारखं होणं वेगळं वाटतं, म्हणून छातीला २४ तासांचं होल्टर लावलं, म्हणजे सलग ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र. त्या २४ तासात मेलं एकदाही झालं नाही!! आता कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सांगून ठेवलंय की मी पळत आले तर आधी ईसीजी काढा, पैसे नंतर, आणि रिक्षावाल्या दादांचा नंबर फ्रीजवर चिकटवलाय. अण्णा, मिश्री नाही लावत. चहा पाचवरून दोनवर आणलाय, सासूबाईंना तेच जास्त पटलंय.