प्रतिसाद : मांजर सोडून दिल्याने गजकर्ण जाईल?

घरात मांजर आहे आणि जांघेतलं, कमरेचं गजकर्ण (नायटा) जात नाही, असं तुम्ही विचारलंत; त्यावर "मांजर सोडून द्या, गजकर्ण आपोआप जाईल" असं वर दोघांनी लिहिलंय. मला हे पटलं नाही. मायक्रोस्पोरम कॅनिस नावाची बुरशी मांजरांकडून येते हे खरं, आणि ठणठणीत दिसणारं मांजरही ती केसांत बाळगून असू शकतं. पण तिचे चट्टे सहसा उठतात ते मांजर जिथे अंगाला घासतं तिथे, म्हणजे हातावर, मानेवर; पोरांच्या डोक्यातही. तुम्ही म्हणताय तसा जांघेतला, कमरेचा हट्टी नायटा बहुतेक वेळा माणसाकडूनच आलेला असतो. सामाईक टॉवेल, अर्धवट वाळलेले कपडे.

सिन्नरला मामांच्या गोठ्यात वासरांच्या डोळ्यांभोवती राखाडी खपल्यांचे गोल चट्टे आले होते. वासरं बांधणाऱ्या मामींच्या मनगटावर उठला तो मात्र लालभडक, सुजलेला. जनावराकडून आलेली बुरशी माणसाच्या कातडीवर जास्त चिडते.

खरा घोळ मेडिकलमधल्या ट्यूबचा. नाशकात पंचवटीत घ्या नाहीतर सातपूरला, त्यात बहुधा स्टिरॉइड असतंच. खाज लगेच थांबते (म्हणून तर ती खपते!), बुरशी पसरत राहते, चट्ट्याची कड पुसट होते आणि मग डॉक्टरही चकतो. त्यात टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाला दाद न देणारी ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी आता आपल्याकडे बरीच आहे. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन खपली खरवडून तपासून घ्या. मांजराला व्हेटकडे न्या, आणि त्याचं अंथरूण, सोफ्यावरचे केस साफ करा. त्या केसांतले बुरशीचे बीजाणू कित्येक महिने टिकतात.