व्हेनिस: गल्ला भरलाय, आता कॉमर्स, पॅट्रोनेज की एक्स्प्लोरेशन?

बॅलार्डची_जहाजं

सिव्हिलायझेशन ५ हा कॉम्प्युटर गेम, ब्रेव्ह न्यू वर्ल्ड या एक्स्पान्शनसकट. बेटांचा नकाशा, एम्परर लेव्हल, व्हेनिस पहिल्यांदाच घेतलंय.

मी बॅलार्ड इस्टेटला क्लिअरिंग एजंटकडे कामाला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या मालाची बिल ऑफ एंट्री भरते, आणि रात्री लालबागला घरचे झोपले की माझी स्वतःची आठ जहाजं हाकते. त्यामुळे हा डाव मला मनापासून जिंकायचाय, आणि तोही कुणावर तोफ न डागता, वर्ल्ड काँग्रेसमधल्या मतांवर.

टर्न १३८. पॉलिसींच्या झाडांपैकी ट्रॅडिशन पूर्ण. आठही व्यापारी रूट समुद्रातले, त्यातले पाच पोर्तुगालकडे, कारण सगळ्यात जास्त गोल्ड तिथेच मिळतं. दोन सिटी-स्टेट्स (एका शहराची छोटी राज्यं) विकत घेऊन पपेट केल्यात, म्हणजे त्या माझ्या, पण कारभार आपोआप चालतो. अशी खरेदी करणारा तिसरा मर्चंट ऑफ व्हेनिस बंदरात उभा आहे. शिल्लक १,९०० गोल्ड, टर्नला ७८ येतं. हॅपिनेस मात्र उणे ४. पॉलिसी तेरा-चौदा टर्नला एक मिळते, म्हणजे चुकीच्या झाडावर चढले तर उतरायला वेळच नाही. कुठून सुरुवात करू?

खाडीपलीकडचा

ताई, एक्स्प्लोरेशन. ट्रेझर फ्लीट्सने दर समुद्री रूटमागे ४ गोल्ड वाढतं. तुमचे आठ, म्हणजे टर्नला ३२. नेव्हल ट्रॅडिशनने प्रत्येक लाइटहाउस आणि हार्बरमागे एकेक हॅपिनेसही मिळतो. मी पोर्तुगाल घेऊन कायम हेच करतो. कॉमर्समधल्या वॅगन ट्रेन्स जमिनीवरच्या रूटसाठी आहेत, तुम्हाला त्याचा काय उपयोग?

दाणाबंदर

माझी तीस वर्षं दाणाबंदरात वह्या लिहिण्यात गेली. ताईंचे आकडे मी दोनदा वाचले. खाडीपलीकडच्यांचा हिशोब बरोबर आहे, पण तो ताईंच्या दुखण्यावरचा नाही. १,९०० गोल्ड पडून आहे. आवक भरपूर आहे, खप नाही. आमचे शेठ संध्याकाळी गल्ल्यात किती जमलं हे आधी विचारायचे नाहीत, माल किती सुटला ते विचारायचे.

व्हेनिसला सेटलर मिळत नाही, घेतलेलं शहर ताब्यात घेऊन चालवताही येत नाही. पण पपेट शहरात रोख मोजून इमारत विकत घेता येते. तुमचं सगळं राज्य खरेदीवर चालतं, म्हणून मर्कंटिलिझम तुमच्याइतका कुणालाच लागू पडत नाही. खरेदी २५ टक्के स्वस्त, आणि मार्केट, बँक असेल तिथे थोडं सायन्सही. पोर्तुगालवाल्यांना ही सूट चांगलीच, तुम्हाला तर रोजच्या भाकरीसारखी. आता हॅपिनेस. प्रोटेक्शनिझमने प्रत्येक लक्झरीमागे, म्हणजे रेशीम, मोती अशा चैनीच्या मालाच्या प्रत्येक प्रकारामागे, २ वाढतो. सहा लक्झरी असतील तर एका पॉलिसीत बारा. नेव्हल ट्रॅडिशनमधून इतका काढायला बारा इमारती लागतील, आणि तुमची शहरं तीन. वॅगन ट्रेन्स वाटेत घ्यावी लागली तर घ्या, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

पॅट्रोनेज त्यानंतर. फिलान्थ्रॉपीने सिटी-स्टेटला दिलेल्या पैशाचा प्रभाव २५ टक्के जास्त पडतो, कॉन्स्युलेट्सने प्रत्येक सिटी-स्टेटशी संबंध २० वर टिकून राहतात. तेव्हा साठलेलं गोल्ड खरं कामाला येईल.

आणि तो तिसरा मर्चंट! त्याला सिटी-स्टेट विकत घ्यायला कृपा करून पाठवू नका. विकत घेतलेली सिटी-स्टेट मत देत नाही. दोन मतं तुम्ही आधीच संपवलीत. त्याला लांबच्या एखाद्या सिटी-स्टेटकडे ट्रेड मिशनला धाडा, गोल्डही येईल आणि मैत्रीही. पुढे आयडिऑलॉजी निवडताना फ्रीडम घ्या. त्यात ट्रीटी ऑर्गनायझेशन आहे, ज्या सिटी-स्टेटशी रूट चालू असेल तिच्याकडे दर टर्नला ४ इन्फ्लुएन्स जमतो. तुमच्याइतके रूट दुसऱ्या कुणाकडेच नसतात, त्यामुळे तिथे तुमचा हात कुणी धरू शकणार नाही.

आठातले पाच रूट एकाच गिऱ्हाइकाकडे, हे मात्र मला बघवत नाही. युद्ध पुकारलं की पाचही एका दिवसात बंद.

खाडीपलीकडचा

काका, शहरं तीनच हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग कॉमर्सच बरोबर. एक भर घालतो: सगळे रूट सिटी-स्टेट्सकडे वळवू नका. सायन्स फक्त दुसऱ्या सिव्हिलायझेशनकडच्या रूटमधून येतं, आणि तेही आपल्याला न येणाऱ्या टेक्नॉलॉजी त्यांना येत असतील तरच. एम्पररला सुरुवातीला ते पुढे असतातच. दोन-तीन रूट त्यांच्यासाठी ठेवा.

बॅलार्डची_जहाजं

टर्न १९८. आज ऑफिसला सुट्टी होती, सकाळपासून बसले.

काका, कॉमर्सच घेतलं. लक्झरी मोजल्या तर सहाच निघाल्या. प्रोटेक्शनिझम लागू झालं त्या टर्नला हॅपिनेस उणे ४ वरून ८ वर गेला आणि राजधानी पुन्हा वाढायला लागली. मर्कंटिलिझम आल्यावर दोन्ही पपेट शहरांत युनिव्हर्सिटी रोख घेतली.

रूट ३० टर्नचे असतात, मधे मोडता येत नाहीत. म्हणून मुदत संपेल तसे पोर्तुगालकडचे तीन काढले आणि इतरत्र लावले. टर्न १७१ ला पोर्तुगालने युद्ध पुकारलं. बंद पडले ते दोनच. मी त्या रात्री एक वाजता उठून पाणी प्यायले आणि परत येऊन बसले, इतकं हायसं वाटलं होतं. मर्चंट दक्षिणेच्या टोकाच्या सिटी-स्टेटला पाठवला, ती आता माझी ॲलाय आहे.

काल पॅट्रोनेज उघडलं. राजधानीत फॉर्बिडन पॅलेस लावलाय, त्याचे दोन डेलिगेट, म्हणजे दोन मतं, मिळतील म्हणून. पॅट्रोनेज घेतलेल्यालाच तो बांधता येतो, आणि जगात एकालाच. बारा टर्न बाकी आहेत, आणि पोर्तुगालनेही पॅट्रोनेज घेतलंय. हातातली सगळी कामं बाजूला ठेवून तोच आधी पुरा करू ना?

दाणाबंदर

हो, आधी तोच. एक-दोन कार्गो शिप आपल्याच शहरांमधल्या रूटवर वळवून राजधानीला प्रोडक्शन आणा. तुमच्या पपेट शहरात वर्कशॉप असेल तर तिथून पाठवता येतं, नसेल तर आजच विकत घ्या. पंचवीस टक्के सूट आहेच.