शिह त्झूची पिवळी उलटी आणि दाढीचा वास

तुमचा शिह त्झू (लांब केसांचा छोटा कुत्रा) अधूनमधून सकाळी पिवळं फेसाळ पाणी ओकतो म्हणालात ना, अगदी सेम आमच्या कुत्र्याचं, बंड्याचं. ते बहुतेक पित्त, रात्री ८ ला जेवण आणि मग सकाळपर्यंत पोट रिकामं. आम्ही खाणं तेवढंच ठेवून ३ वेळांत वाटलं, त्यातलं थोडं झोपायच्या आधी, तेव्हापासून क्वचितच होतं. पण रक्त दिसलं, दिवसात दोनतीनदा उलटी झाली किंवा मलूल पडला तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ व्हेटकडे (प्राण्यांच्या डॉक्टरकडे). आणि घरातल्या आजीला सांगून ठेवा, कांदा-लसणाचं काही भरवायचं नाही, द्राक्षं-मनुका तर अजिबातच नाही (आमच्याकडे यावरून महाभारत झालंय).

दाढीला वास येतो म्हणालात, तो नुसता शाम्पू बदलून जात नाही हो, पाणी पिऊन केस ओले राहतात, त्यात अन्न अडकतं, यीस्ट (एक प्रकारची बुरशी) वाढतं. जेवण झालं की ओल्या फडक्याने पुसायचं आणि मग नीट कोरडं करायचं, हे कोरडं करणंच सगळे विसरतात. केस आखूड ठेवा. तरी वास येतोय? मग दात बघा, आम्ही उगाच दाढीला दोष देत होतो आणि निघालं दातांवरचं कीटण.