आईचे गुडघे: तेल, शेक की व्यायाम?

प्रश्न: आई ६८ वर्षांची. गुडघ्यांची झीज आहे. सकाळी ओट्याला धरूनच उठते. निर्गुडीचं तेल चालू आहे. अजून काय करावं?

निवृत्त मास्तरीण: तेलाने बरं वाटतं हो, पण झीज भरून येत नाही. मांडीचे स्नायू बळकट करा. पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती दाबून पाच सेकंद धरायची, सोडायची. माझं हे अंथरुणातच उरकतं, मग चहा. आणि काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात! आमचे हे अजून उलटीच धरतात.

प्रश्नकर्ता: वजनही जास्त आहे तिचं.

निवृत्त मास्तरीण: मग उतरवाच. एक किलो घटलं की पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने हलका होतो.

दुसरा वाचक: गुडघा लाल, गरम झाला किंवा ताप आला तर शेकत बसू नका, डॉक्टर गाठा.