दुर्बिणीचा मोह आवरत नाहीये, मदत हवी आहे

मंडळी, प्रश्न आकाशाचा कमी आणि खिशाचा जास्त आहे.

मागच्या अमावास्येला वेल्ह्याकडे आकाशदर्शनाला गेलो होतो. तिथे एकाच्या आठ इंची डॉब्सोनियनमधून (आठ इंच रुंद आरशाची, साध्या फिरत्या बैठकीवरची दुर्बीण) शनी पाहिला. कडी सुईसारखी बारीक, तरी अंगावर काटा आला. तेव्हापासून रात्री दीड-दीड वाजेपर्यंत मोबाइलवर आयपीसचे (डोळ्याकडच्या भिंगांचे) रिव्ह्यू वाचत बसतो.

तसाच टेलिस्कोप मला ६० हजारांना पडतोय. घराचा हप्ता, मुलीची फी आणि किराणा भागवून हातात आठ-नऊ हजार उरतात. दुकानदार म्हणतो, नो कॉस्ट ईएमआय करा, १२ हप्ते, कळणारसुद्धा नाही. कागद नीट वाचला तर व्याज आहेच, तेवढीच सूट आधी दाखवतात. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच माथी, वर प्रोसेसिंग फी. आणि रोख दिले तर हाच गृहस्थ दोन हजार कमी करायला तयार!

खरी लाज पुढेच आहे. घरात एक ६० मिमीची दुर्बीण आधीच आहे, कपाटावर, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून. खोक्यावर ‘५२५ पट’ छापलं होतं. भिंगाच्या दर मिलिमीटरला फार तर दोन पट, म्हणजे १२०च्या पुढे नुसतं धूसर, हे पैसे गेल्यावर कळलं. स्टँड इतका डुगडुगतो की चंद्र नाचतो. बायको काही बोलत नाही, फक्त कपाटाकडे बघते.

तर, सेकंडहँड घ्यावा का? की थांबावं? थांबायचं तर मन कसं आवरता तुम्ही लोक? (आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही.)

प्रतिसाद:
कंसातलं वाक्य आधी लिहायला हवं होतंत! माझ्याकडे आठ इंची आहे. नळी आणि बैठक मिळून वीस किलोच्या वर जातं. पहिल्या महिन्यात दहादा उतरवला, आता दोन महिन्यांतून एकदा. जून ते सप्टेंबर ढगच असतात, तेव्हा नुसती बुरशीची काळजी. सेकंडहँड घेतलात तर आरशावर टॉर्च मारून घाबरू नका, धूळ सगळ्यांच्याच आरशावर दिसते. आरशाचा चकचकीत थर कुठे उडालाय का बघा आणि रात्री एखाद्या ताऱ्यावर रोखून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

पण माझं ऐकाल तर १०×५०ची द्विनेत्री (बायनॉक्युलर, दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) घ्या. गच्चीवर चटई टाकून पाठीवर पडा, कोपरं छातीला टेकवा. गुरूचे चंद्र, कृत्तिका, गावाकडच्या अंधारात देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका, सगळं दिसतं. शनीची कडी नाही दिसायची. पण ती २०२५मध्ये आपल्याला नेमकी कडेवरून, रेघेसारखी दिसत होती, आता २०३२पर्यंत उघडतच जाणार आहेत. घाई कसली? तोवर पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या आकाशदर्शन करणाऱ्या मंडळींबरोबर जात जा. १९४४पासून ते हेच करताहेत, आणि दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघायला हप्ता लागत नाही.

धागाकर्ता:
आभारी आहे. दुकानदाराचा फोन दोनदा उचलला नाही. हप्त्याचे पाच हजार दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकून बघणार आहे, सहा महिने जमलं तर पुढचं बोलू. अभ्र्यातली दुर्बीण काढून स्टँडला वाळूची पिशवी बांधली, चंद्र जरा कमी नाचतो. फक्त एकच विचारायचं होतं, १०×५० घेऊ की थोडे अजून घालून १५×७०च घेऊन टाकू?