मदत हवी आहे: काळ्या गाडीवरचे बारीक ओरखडे
मंडळी, गाडी घेऊन 8 महिने झाले. रंग काळा (हौस!). सोसायटीत गाड्या पुसणारे काका रोज कोरड्या फडक्याने धूळ झटकतात. आता उन्हात बॉनेटवर गोल गोल बारीक रेघांचं जाळंच दिसतं. रंगावरचा क्लिअर कोट (पारदर्शक थर) म्हणे जेमतेम 40-50 मायक्रॉनचा, केसाहून बारीक! हँडलमागे नखांचे ओरखडे आहेत ते वेगळेच. रेघांवरून नख फिरवलं तर अडकत नाही, म्हणजे पॉलिशने जातील ना? पण पॉलिश म्हणजे तोच थर आणखी घासायचा. डिटेलिंगवाला (गाडी घासून-पुसून चकाचक करून देणारा) सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर द्रवाचा संरक्षक लेप, म्हणतोय, मित्र म्हणतो पीपीएफच (रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म) लाव. पार्किंग उघड्यावर, शेजारी बांधकाम. तुम्ही काय केलंत? आणि काकांना न दुखावता आधी पाणी, मग मायक्रोफायबरचं मऊ फडकं, हे त्यांच्या गळी कसं उतरवू?